सोलापुरात पेंटबॉलचा संघ बांधताना: आधी मास्क, मग बोलणं, मार्कर सगळ्यात शेवटी

पेंटबॉल म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा खेळ. मित्रांमध्ये त्याचा संघ काढायचं ठरलं की पहिल्याच संध्याकाळी सगळे मोबाइलवर मार्कर, म्हणजे गोळी उडवायचं साधन, बघत बसतात, आणि पैसा तिथूनच चुकीच्या वाटेला लागतो. मार्कर भाड्याने मिळतो. भाड्याने मिळत नाहीत त्या तीन गोष्टी: ठरल्या दिवशी हजर राहणारी सात माणसं, प्रत्येकाच्या चेहऱ्याला नेमका बसणारा स्वतःचा मास्क आणि पळता पळता एकमेकांशी बोलायची सवय. या जमेपर्यंत, म्हणजे पहिले तीन-चार महिने तरी, मार्कर विकत घेऊ नका.

मार्करला बंदूक न म्हणण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. हे साधन मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनलं होतं. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी पहिला डाव झाला, तो याच खुणेच्या साधनांनी. शब्दाची ही काळजी आपल्याकडे कामाला येते. सात रस्ता चौकात रिक्षात बसून कोणी ‘बंदूक कुठंय रे?’ असं ओरडलं, तर बघणाऱ्याने काय समजायचं? मार्कर नेहमी बंद बॅगेत, बॅरलवर, म्हणजे पुढच्या नळीवर, कव्हर चढवून न्यायचा. पुढे कधी विकत घ्यायचा किंवा परदेशातून मागवायचा झाला तर पैसे भरण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारून घ्या. तालुक्यात राहत असाल तर ग्रामीण पोलिसांकडे.

माणसं आणि पैसे

नवख्यांसाठी पाच-पाचचा डाव योग्य. पाच खेळवायचे असतील तर सात जण धरा, कारण कोणाची एमआयडीसीतली पाळी बदलते, कोणाची परीक्षा येते, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत घरचे पाहुणे असतात. दहा-बारा जण मात्र घेऊ नका. बाहेर बसणाऱ्यांची संख्या वाढली की ते दोन महिन्यांत गळतात आणि वर्गणीचा हिशेब विस्कटतो. अठरा वर्षांखालचा कोणी असेल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि मैदानाची वयाची अट आधी विचारा.

कप्तान लगेच ठरवू नका, तो चार-पाच सरावांत आपोआप दिसतो. पण दोन कामं पहिल्याच दिवशी वाटून द्या: एकाकडे हिशेबाची वही, एकाकडे सामान. सामान सगळ्यांचं मिळून ठेवलं की ते कोणाचंच राहत नाही.

पैशासाठी भिशी उत्तम. सात जणांनी दरमहा सारखी रक्कम काढायची आणि ज्याचा नंबर लागेल त्याचा मास्क घ्यायचा. सात महिन्यांत सातही मास्क होतात, तोवर मैदानाचे भाड्याचे मास्क वापरायचे. गोळ्यांचा खर्च मात्र भिशीत मिसळू नका. एक जण दिवसात तीनशे गोळ्या उडवतो, दुसरा हजार, आणि खर्च सारखा वाटला की कुरबूर सुरू होते. संघ हरल्यामुळे फुटत नाहीत, बहुतेक वेळा या हिशेबावरून फुटतात. गोळ्या ज्याने उडवल्या त्याच्या नावावर.

मास्क

इथे काटकसर नको. ०.६८ कॅलिबरची, म्हणजे ०.६८ इंच व्यासाची गोळी साधारण तीन ग्रॅमची असते आणि सेकंदाला २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर वेगाने येते. तिची ऊर्जा जवळपास ११ जूल होते. वेल्डिंगचा चष्मा, मोटारसायकलचं हेल्मेट किंवा पोहण्याचा गॉगल यासाठी बनलेला नाही. मास्कवर पेंटबॉलसाठीचं एएसटीएम एफ १७७६ हे मानक छापलेलं बघून घ्या. कान, हनुवटी आणि गालफडं झाकली गेली पाहिजेत. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा, मान झटकून बघा, खाली वाकून बघा.

लेन्स दोन थरांची, म्हणजे थर्मल घ्या. एकपदरी लेन्स आपल्या उकाड्यात पाच मिनिटांत धुकट होते, खेळाडूला काही दिसेनासं होतं आणि तो नको त्या क्षणी मास्क वर करतो. या खेळातला खरा धोका तोच. मैदानात काहीही झालं तरी मास्क काढायचा नाही. दिसत नसेल तर हात वर करून बाहेर यायचं आणि सुरक्षित जागेत गेल्यावरच काढायचा.

थर्मल लेन्स पाण्यात बुडवू नका, दोन थरांमध्ये पाणी शिरलं की ती गेली. ओल्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. काच पुसायचं अमोनियावालं द्रावणही नको. आपला सोलापुरी टॉवेल घामाला उत्तम, गळ्याभोवती गुंडाळून टोकं आत खोचली तर मानेवरचा मारही कमी लागतो. पण लेन्सवर तो फिरवू नका, बारीक धूळ धरून तो ओरखडे पाडतो. अगदी जवळून थेट गोळी लागलेली लेन्स बदलून टाका, तडा दिसत नसला तरी.

गावात सराव, सामन्याला बाहेर

पहिल्या दोन वेळा तयार मैदानावरच खेळा. पुणे-लोणावळा पट्ट्यात मार्कर, तो चालवायची दाबलेली हवा आणि पंच यांची सोय असलेली मैदानं आहेत. सोलापूरहून पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाणार असाल तर मास्क, बूट आणि कपडे बरोबर न्या, गॅसचं सिलिंडर नेऊ नका. दाबाखालच्या गॅसचं सिलिंडर प्रवासी डब्यात चालत नाही. ते तिथेच भाड्याने घ्या.

पुण्याला महिन्यातून एकदाच जाणं होईल. मधले तीन रविवार गावातच, मार्करशिवाय. पाच-पाचच्या स्पर्धेचं मैदान साधारण ४५ बाय ३६ मीटर असतं, म्हणजे सोळा गुंठे. ज्वारी काढून झालेलं ओळखीच्या शेतकऱ्याचं रान यासाठी पुरतं, पण आधी धसकटं काढून घ्या. गुडघा टेकला की ती कापडातून आत घुसतात. गुडघ्याचे पॅड लागतातच. पाऊस झाल्यावर काळ्या मातीत जाऊ नका, बुटाला दोन-दोन किलो चिखल लागतो आणि घोटे मुरगळतात. नान्नजकडचा माळ मोकळा दिसतो, पण ते माळढोक अभयारण्य आहे. तिथे आणि वनखात्याच्या कोणत्याही जमिनीवर सराव नको.

आडोशासाठी ट्रकचे जुने टायर, दोनशे लिटरचे रिकामे ड्रम किंवा मातीने भरलेल्या गोण्या वापरा. निम्मे आडोसे कमरेएवढे, निम्मे डोक्याएवढे. टायरला खाली भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डास होतात. कडब्याची गंज आडोशाला सोयीची वाटते, पण रंग लागलेला कडबा जनावरांपुढे टाकता येत नाही आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं.

आता आबाधुबी खेळा. स्पंजचा चेंडू, दोन्हीकडे तीन-तीन जण, मध्ये टायर. आडोशातून डोकावून चेंडू मारायचा आणि एका सेकंदाच्या आत परत आत. एकाच बाजूने लागोपाठ दोनदा डोकावायचं नाही, कारण समोरचा तिथेच नेम धरून बसलेला असतो. डाव्या बाजूने डोकावताना डाव्या हाताने मारा. उजव्या हाताने मारायला गेलात तर अर्धं अंग बाहेर येतं. खो-खो खेळलेला कोणी असेल तर त्याला पुढची जागा द्या. बसल्या जागेवरून फुटायची त्याची सवय सुरुवातीच्या धावेत सोन्यासारखी आहे.

बोलणं

नवखा संघ गप्प खेळतो आणि म्हणून हरतो. आडोशामागून तुम्हाला मैदानाचा एक तुकडा दिसतो. बाकीचं मैदान साथीदाराच्या तोंडूनच कळायचं.

प्रत्येक आडोशाला नाव द्या, आणि ते आपल्या गावातलं द्या. मधला सात रस्ता, डावीकडचा पुढचा पार्क, मागचा टिळक, उजवीकडचा कंबर (तलाव). नकाशा डोक्यात आधीच असल्यामुळे दहा मिनिटांत पाठ होतो. हाक देताना आधी जागा, मग आकडा: ‘पार्क, दोन!’ म्हणजे पार्कमागे दोघे. ऐकणाऱ्याने तेच शब्द परत ओरडायचे, नाहीतर हाक पोचली असं धरू नका. याशिवाय तीनच हाका लागतात: ‘निघतो’, ‘भरतो’ आणि ‘गेला’. ‘भरतो’ म्हणजे हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) रिकामा झालाय, मला सांभाळा.

आपल्या संघात बहुधा घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा कोणी असतोच. आकडे तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु असे घ्या. पुण्याच्या संघाला कळणार नाही आणि आपल्याला आठवडाभरात सवय होते. भाषा मात्र एकच ठरवा. गडबडीत तीन भाषांतून आकडे आले तर आपलीच माणसं चुकतात.

बाद झालेल्याने हात वर करून ‘आउट’ म्हणायचं, बॅरलवर कव्हर चढवायचं आणि तोंड बंद ठेवून बाहेर पडायचं. लागलेला रंग पुसून खेळत राहणारा मित्र कितीही चांगला नेमबाज असला तरी त्याला संघात ठेवू नका.

गॅस, ऊन आणि गोळ्या

मार्कर कार्बन डायऑक्साइडवर किंवा दाबलेल्या हवेवर चालतो. सोलापुरात हवाच घ्या. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर चढतो: २१ अंशांना सुमारे ८५० पीएसआय (हे दाबाचं एकक), आणि ३१ अंशांच्या वर तर तो द्रव राहूच शकत नाही, दाब झपाट्याने वाढतो. सकाळी सेकंदाला २८० फुटांवर लावलेला मार्कर मार्चच्या दुपारी तीनशेच्या पुढे जाऊ शकतो, आणि तीनशे ही वरची हद्द. कार्बन डायऑक्साइडच असेल तर दर तासाला क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग तपासा. टाकी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. ती वजनकाट्यावर भरून घ्या, अंदाजाने भरलेली टाकी तापली की तिची सुरक्षा चकती फुटते.

हवेच्या टाकीचा दाब तीन हजार किंवा साडेचार हजार पीएसआय असतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर शे-दीडशेचा, त्याने ती भरत नाही. कोणी जुगाड करून भरून देतो म्हणाला तर टाकी उचलून परत या.

गोळीचं कवच जिलेटिनचं. ओलाव्याने ते फुगतं, उन्हात मऊ होतं. फुगलेली गोळी बॅरलमध्येच फुटते आणि मग पुढची प्रत्येक गोळी वाकडी जाते. अशा वेळी नेम बदलत बसू नका, थांबून बॅरलमधून स्क्वीजी (नळी आतून पुसायचं साधन) ओढा. गोळ्या सावलीत, बंद पिशवीत ठेवा आणि महिन्याच्या आत संपवा. खाली पडलेली गोळी परत भरायची नाही. मार्करला त्याच्यासाठीचं तेल दोन-तीन थेंब पुरे. गंज सोडवायचा स्प्रे मारलात तर ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) फुगून गळती सुरू होते.

एका पेटीत बहुधा दोन हजार गोळ्या येतात. नवख्याला दिवसाला पाचशे धरा, म्हणजे पाच जणांना एक पेटी आणि पाचशेची एक पिशवी. पहिल्या सामन्यात दोघे पुढे, एक मध्ये, दोघे मागे. पुढच्यांना भरलेला हॉपर आणि दोन पॉड (जादा गोळ्यांच्या नळ्या), एकूण ४८० गोळ्या. मागच्यांना चार पॉड, एकूण ७६०. मागचे दोघे समोरच्यांची डोकी खाली ठेवतात, तेवढ्यात पुढचा जागा बदलतो. पाचही जण एकदम पुढे धावले तर पहिल्या वीस सेकंदांत डाव संपतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. मार्चनंतर सकाळी साडेसहाला सुरू करून दहाला थांबा, माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएस ठेवा. स्वतःच्या रानात मार्करने खेळायची वेळ येईल तेव्हा जमीनमालक आणि जवळचं पोलीस ठाणं दोघांनाही आधी सांगा. जाळी नसेल तर मैदानाभोवती शंभर मीटरपर्यंत माणूस किंवा जनावर नको, कारण नेम तीस मीटरच्या पुढे लागत नसला तरी गोळी त्याच्या तिप्पट जाते.

रंग पाण्याने निघतो, त्याच दिवशी धुतला तर डागही राहत नाही. घरी निघण्याआधी मात्र सगळ्यांनी एका ओळीत मैदान चालून न फुटलेल्या गोळ्या वेचा. वस्तीवरची कुत्री त्या खातात, आणि आतल्या द्रवाने त्यांच्या रक्तातलं मिठाचं प्रमाण जिवावर बेतेल इतकं वाढतं.