समुद्रात उतरताना या चुका टाळा

"पाणी काय मस्त कोमट आहे, चला!" मे महिन्यात कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पाणी कोमट असणारच. मे महिन्यात आपल्याकडे समुद्राच्या पाण्याचं तापमान ३० अंशांच्या आसपास जातं, पावसाळ्यात थोडं निवतं, ऑक्टोबरात पुन्हा चढतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत २६-२७ वर येतं. वर्षभरातला फरक इतकाच. पाण्यात पाय बुडवून समुद्राचा अंदाज घेणं, ही पहिली चूक.

पाणी सगळ्यात उबदार असतं, नेमका तेव्हाच समुद्र बिघडायला लागतो. दक्षिणेकडच्या महासागरात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्यावर येतात. वर आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि लाट मात्र अंगावर येते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था अशा लाटांचे इशारे देते, ते बघत जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झावळांनी शाकारलेल्या असतात. कोळी ज्या पाण्यात जात नाही, त्यात आपण पोहायला उतरू नये.

मग हिवाळ्यात बिनधोक? नाही. मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ होता.

लाटा फुटत असताना मधेच एक सपाट, गडद पट्टा दिसतो आणि लोक "इथे लाट नाही" म्हणून पोरांना घेऊन तिथेच उतरतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जातं ते बऱ्याचदा त्याच वाटेने. नीट बघितलंत तर फेस आणि पालापाचोळा आत सरकताना दिसेल. हाच रिप करंट. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. तरंगत राहा, हात वर करा, आडवं पोहून ओढीबाहेर पडा आणि मग लाटांबरोबर या. कुणी बुडताना दिसलं तर मागून उडी टाकू नका. दोरी फेका, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन.

सकाळी टायरची ट्यूब घेऊन उतरणं ही चूक तर फार होते. तेव्हा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पाणी तळ्यासारखं दिसतं. देवबागला एक काळी ट्यूब अशीच बघता बघता आत गेली. नशिबाने रिकामी होती. पोरगं नुकतंच उतरून शहाळं प्यायला आलं होतं.

भरतीचं गणित मात्र कोकणात घरोघरी ठाऊक आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तास ओहोटी. म्हणजे चतुर्थीच्या संध्याकाळी सहाला सूर्यास्त बघत डुंबाल, तेव्हा ओहोटी ऐन जोरात असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा ही ओढ सगळ्यात जास्त.

आणि पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखं काही वाळूत पडलेलं दिसलं तर हात लावू नका. ते ब्लूबॉटल, मेलेलंही डसतं. डसलंच तर वाळूने चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा आणि डॉक्टर गाठा.