गावात पाणी, आपण दूर: फोन लागेनासा झाल्यावर काय करावं

गावात पाणी शिरल्याची बातमी कळते आणि लालबागच्या खोलीतला किंवा कुवेतच्या कॅम्पातला चाकरमानी घरी फोन लावतो. फोन लागत नाही. पुढचे काही तास सगळ्यात कठीण असतात.

आधी एक लक्षात घ्या, फोन लागत नाही म्हणजे वाईटच झालंय असं नाही. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, ती काही तासांत उतरते आणि जनरेटरचं डिझेल पोचवायला रस्ता मोकळा लागतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. माणसं धडधाकट होती, पण कळवणार कशी?

म्हणून वाडीच्या मुंबई मंडळाने फोन करायला एकच माणूस ठरवावा. चाळीस जणांनी चाळीस फोन केले तर तिकडची उरलीसुरली बॅटरी रिंग वाजण्यातच जाते. कॉलआधी साधा एसएमएस करा. क्षीण रेंजमध्येही तो जातो, आणि नाही गेला तरी रेंज येताच पोचतो. मजकूर असा हवा की एका शब्दात उत्तर देता येईल: ‘सगळे ठीक? हो की नाही?’ घरटी दोन नंबर, वरच्या अंगाला राहणारा एक शेजारी, पोलीस पाटील, सरपंच ही यादी मे महिन्यातच कागदावर उतरवून ठेवा.

बातम्या दिवसातून दोनदाच बघा, सकाळी आठला आणि रात्री आठला, प्रत्येक वेळी अर्धा तास. हे उगाच सांगत नाही. अमेरिकेत २०१३च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतरच्या अभ्यासात, आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आल्याचं दिसलं. शिवाय व्हिडिओ आजचाच असेल असं नाही. जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या आगारात एसटीच्या टपापर्यंत पाणी चढलं होतं. असं काही फोनवर आलं की पुढे पाठवण्याआधी तारीख तपासा.

फोन लागला की पहिलं वाक्य जपून बोला. आपणच रडायला लागलो तर चिखलात उभी असलेली काकी आपलीच समजूत काढत बसते. विचारा, ‘काकी, बरोबर कोण कोण आहे? प्यायला पाणी आहे ना? रात्री झोपणार कुठे?’ मग गप्प राहा, तिला बोलू द्या. काय काय झालं ते पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, तिने आपणहून सांगितलं तर मात्र मध्ये तोडू नका. ‘तरी सांगत होतो, घर वर बांधा’ हे तर चुकूनही नको.

आता स्वतःचं. पंख्याखाली बसलोय, घास घशाखाली उतरत नाही, ही टोचणी जवळजवळ प्रत्येकाला लागते. तिच्या भरात लोक जुन्या कपड्यांचा टेम्पो भरून पाठवतात. दमट हवेत त्या गठ्ठ्यांना बुरशी धरते आणि गावकऱ्यांना ते आवरण्याचं नवं काम लागतं. त्यापेक्षा दुरून पुरं करता येईल असं एक काम घ्या. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून काढा, बँक आणि विम्याचे नंबर एका कागदावर उतरवा. चिखल उपसण्याआधी प्रत्येक खोलीचा, भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढायला सांगा. पंचनाम्याला तो उपयोगी पडतो.

भिजलेले फोटो हे आणखी एक काम, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं. आजोबांचा फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. एकमेकांना चिकटलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवले तर हळूहळू सुटतात. मात्र दोन दिवसांच्या वर पाण्यात ठेवू नका. नंतर चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा, उन्हात ते वळतात.

परड्यातला फणस पडला, सुपारीची बाग आडवी झाली, असं कोणी सांगितलं तर ‘झाडच ना, माणसं वाचली’ म्हणू नका. नारळ फळाला यायला पाच-सहा वर्षं जातात, आणि दूर राहणाऱ्याच्या मनातलं घर बरंचसं त्या झाडांचंच असतं. त्याला हळहळू द्या.

झोप उडणं, पाऊस वाजला की छातीत धडधडणं हे पहिले काही आठवडे चालतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, कामावर जाववत नसेल, तर भारतात १४४१६ वर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. जगणंच नको वाटत असेल तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी लावा. आखातात असाल तर तिथल्या डॉक्टरकडे जा, आणि जमातीतल्या किंवा मंडळातल्या एकाला तरी बरोबर न्या.

पडझडीनंतर गावी पहिल्यांदा जाल, बहुधा गणपतीला, तेव्हा दिवसाउजेडी पोचेल अशीच गाडी धरा. घराचे आताचे फोटो निघण्याआधीच मागवून बघा. एकटे जाऊ नका.