पॅरोक्सेटिन बंद केल्यावर डोक्यात झटके: मला कशाने आराम पडला

नजर बाजूला वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका, सोबत चक्कर, मळमळ, भडक स्वप्नं, उगाच रडू. पॅरोक्सेटिन हे नैराश्य आणि चिंतेवरचं औषध; २० मिग्रॅवरून १०, मग बंद, असं ठरलं होतं. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांतच हे सुरू झालं. "जुना आजार उलटला" हे ऐकून मी फार खचले. पण आजार सहसा हळूहळू परततो, आणि असे झटके ही त्याची खूण नव्हे.

दिवसाआड गोळी घेऊन उपयोग झाला नाही: या औषधाचा अर्धायुकाल (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) जेमतेम एक दिवस, त्यामुळे रक्तातलं प्रमाण सतत वरखाली.

जमलं ते असं. डॉक्टरांशी बोलून आधी पुन्हा १० मिग्रॅ. पूर्ण स्थिर वाटेपर्यंत तिथेच. मग पातळ औषध सिरिंजने मोजून ७.५, ५, २.५, १, ०.५, शून्य, प्रत्येक पायरीला निदान दोन ते चार आठवडे. शेवटच्या पायऱ्या मुद्दाम लहान, कारण कमी डोसवर एकेक मिलिग्रॅमचा मेंदूवरचा परिणाम मोठा असतो. त्रास वाढला की डॉक्टरांना विचारून मागच्या डोसवर. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.