निवतीच्या किल्ल्यावर आणि भोगव्याला जाताय? या चुका टाळा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातला निवतीचा किल्ला समुद्रात शिरलेल्या टेकाडावर आहे. वर उभं राहिलं की उत्तरेला भोगव्याचा लांबलचक किनारा आणि त्यापलीकडे कर्ली खाडीचं मुख दिसतं. गर्दी नसते, म्हणून मी पुन्हापुन्हा जातो. पण काही झालं तर हाकेला ओ द्यायलाही कोणी नसतं, हे येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

भरतीची वेळ न विचारता पायथ्याच्या खडकांवर जाणं ही सगळ्यात वाईट चूक. आम्ही ती कार्तिकी पौर्णिमेला केली. सकाळी सातला खडक मोकळे होते, म्हणून बहिणीच्या पोराला घेऊन टोकापर्यंत गेलो. खेकडे बघण्यात वेळ गेला. साडेनऊला जाळं आवरणारे एक काका ओरडले, "पाणी चढता हा, फिरा!" मागे पाहिलं तर ज्या घळीतून कोरड्या पायांनी आलो, तिथे कमरेइतकं पाणी उसळत होतं. पोराला खांद्यावर घेतलं. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी माझे दोन्ही तळवे चिरले. काकांनी दोर टाकला नसता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

तेव्हापासून मी निघण्याआधी कालनिर्णय बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा मी खडकांवर पायच ठेवत नाही. शिवाय गावात विचारतोच. दोन मिनिटं थांबून विचारायचाही ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी वरूनच समुद्र बघावा.

गाडी वाळूत घालू नका. चाक रुतलं की पाणी तुमच्यासाठी थांबत नाही आणि ट्रॅक्टर शोधायला गावात पळावं लागतं.

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा कड्याच्या काठावर फोटोसाठी जाऊ नका. जून-जुलैत कोळी होड्या वर ओढून ठेवतात, अशा दिवसांत पाण्यात उतरण्याचा हट्ट मला अजिबात पटत नाही.

पिण्याचं पाणी गावातूनच भरून घ्या.

सूर्यास्त बघायला थांबणार असाल तर बॅटरी हवीच. मोबाइलचा उजेड पुरत नाही, आणि किल्ल्यावरच्या झाडोऱ्यात अंधार पटकन पडतो. मी सूर्य पाण्याला टेकला की उतरायला लागतो.