मुलांना नम्रता शिकवताना या चुका टाळा

पवित्र आठवड्यातली, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट आहे. संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, मी योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय घेतला होता, प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तो. वाचून झाल्यावर मधोमध परात, पाण्याची कळशी आणि दोन पंचे ठेवले आणि मुलांना म्हटलं, आता एकमेकांचे पाय धुवा. पाच मिनिटांत भांडण जुंपलं. "टीचर, पहिला नंबर माझा!" "मी आधी हात वर केला होता!" पंच्याची ओढाताण, निम्मं पाणी सतरंजीवर. आणि या गोंधळात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा भिंतीला टेकून, पाय मांडीखाली घट्ट दुमडून बसलेला. किती वेळा बोलावलं तरी उठेना. शेवटी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढा कसला रे ताठा? शिष्य पेत्रसुद्धा आधी असंच 'नाही' म्हणाला होता." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय मात्र त्याने काढले नाहीत.

मुलं गेल्यावर त्याच्या बहिणीने सांगितलं. शेतातल्या पंपाला रात्रीचीच लाईट होती, म्हणून तो वडिलांबरोबर पहाटेपर्यंत कांद्याला पाणी भरत होता. टाचांना भेगा पडलेल्या, नखांत काळी माती. घरी धुऊनही निघाली नव्हती. ते पाय त्याला मित्रांच्या हातात द्यायचे नव्हते.

बरीच वर्षं मी हे काम करते आहे, पण नम्रता शिकवण्याबद्दल मला सगळ्यात जास्त त्या रविवारी कळलं. तेव्हापासून ज्या चुका स्वतःच्या, पालकांच्या आणि इतर शिक्षकांच्या पाहत आले, त्या इथे लिहिते.

लाज, भीती, आनंद यांना गर्व समजणं

ही माझी त्या दिवशीची चूक. मूल गप्प राहिलं, नमस्कार केला नाही, 'सॉरी' म्हटलं नाही, की आपण लगेच म्हणतो, नाक वर आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या गप्प बसण्यामागे बहुतेक वेळा लाज असते किंवा भीती. गर्व असेल तर तो बोलतो, तुलना करतो, दुसऱ्याला कमी दाखवतो. त्यामुळे आधी त्याला बाजूला घेऊन विचारावं, मग ठरवावं.

चार-पाच वर्षांची मुलं दिवसातून पन्नास वेळा "आई, बघ!" म्हणतात. उडी मारली, बघ. चित्र काढलं, बघ. त्यालाही काही जण फुशारकी म्हणतात आणि पोरांचं तोंड बंद करतात. तो निव्वळ आनंद असतो, आणि तो वाटून घ्यायला त्याला कोणीतरी हवं असतं. बघावं, मनापासून बघावं. त्यात कुणाचा पाणउतारा नसेल तर काळजीचं काही कारण नाही.

'तू कोण लागून गेलास?'

मुलात जरा मिजास दिसली की आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे: त्याला खाली ओढायचं. 'फार शहाणा समजू नकोस', 'तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत', 'पहिला आलास म्हणजे आभाळाला हात लागले का?' हेतू चांगला असतो, पोरगं शेफारू नये एवढाच. पण सगळ्यात खोल जखम याच चुकीने होते, असं माझं मत आहे.

पाय धुण्याच्या प्रसंगात तिसरं वचन आपण घाईघाईत वाचून पुढे जातो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जातो, हे येशू जाणून होता, असं तिथे लिहिलंय. आणि मग तो जेवणावरून उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल घेऊन कमरेला बांधला. हा क्रम मुलांपर्यंत पोचला पाहिजे. आपण कोणाचे आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याच्या पायाशी बसताना काही गमावल्यासारखं वाटत नाही. 'तू काहीच नाहीस' असं रोज ऐकणारं मूल मात्र वाकायला शिकत नाही, ते दबतं. आणि दबलेलं मूल संधी मिळताच आपल्याहून धाकट्याला दाबतं. वर्गात दांडगाई करणाऱ्या मुलांच्या घरी गेले की हे मला पुन्हा पुन्हा दिसतं.

म्हणून मी आता आधी स्तोत्र १३९ घेते. देवाने मला आईच्या उदरात घडवलं, तो माझं उठणं-बसणं जाणतो. दोन-तीन रविवार फक्त तेवढंच. परात त्यानंतर.

तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं, हे मराठी मुलांच्या कानावर शाळेतच पडलेलं असतं. आपल्या भाषेत 'लहानपण' म्हणजे धाकुटेपण आणि बालपणही. मत्तय १८ मध्ये शिष्य विचारतात, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण? येशू एका बालकाला बोलावून मधे उभं करतो. त्या बालकाला तो काहीच उपदेश करत नाही. मोठ्यांना सांगतो, याच्यासारखे व्हा. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणत, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. या एका शब्दावर थांबलं की तो पूल मुलांनाही दिसतो. शिवाय त्यांना कळतं की येशूने मधे उभं करायला निवडलं ते आपल्यासारख्याच एखाद्याला.

वचनाची छडी करणं

सायकलवर हात सोडून ऐट दाखवणारा मुलगा पडला, गुडघा फुटला, आणि मोठं माणूस म्हणतं, "बघ, नीतिसूत्रे १६:१८! गर्व झाला की नाश." वचन खरंच आहे. पण रक्त येत असताना ऐकलेलं वचन त्या मुलाला एवढंच शिकवतं की देव वर बसून आपण कधी पडतो याची वाट बघतोय. पुढे घरात आजारपण आलं, नोकरी गेली, की तेच मूल मनात विचार करतं, आपल्या कोणत्या गर्वाची ही शिक्षा?

आधी गुडघा धुवावा. वचन दुसऱ्या कुठल्यातरी शांत दिवशी घ्यावं आणि गोष्टीतून घ्यावं. दानीएलाच्या चौथ्या अध्यायातला नबुखद्नेस्सर यासाठी फार चांगला. "हे थोर बाबेल मीच बांधलं" म्हणणारा राजा, मग गुराढोरांसारखं गवत खाणं, आणि शेवटी त्याने डोळे वर आकाशाकडे केल्यावर परत आलेली समज. ही गोष्ट सांगताना गवतापाशी थांबू नका. मुलांना तिथे फार हसू येतं, पण देवाने त्याला त्याचं राज्यही परत दिलं, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

गुण झाकायला लावणं

गोड गळ्याच्या मुलीला कोणी म्हणालं, "किती छान गायलीस!" तर तिने मान खाली घालून "नाही नाही, मला कुठे येतं" म्हणावं, अशी आपली अपेक्षा असते. ती तसं म्हणते, आणि मनात तिला पक्कं ठाऊक असतं की येतं. म्हणजे नम्रतेच्या नावाखाली आपण तिला खोटं बोलायला शिकवलं. काही मुलं याच्याही पुढे जातात: "नाही, मला येतच नाही" म्हणायचं आणि समोरच्याने पुन्हा कौतुक करेपर्यंत वाट पाहायची. दुसरीकडे, प्रत्येक वाक्यामागे पाठ केल्यासारखं "सगळा गौरव प्रभूला" जोडायला लावणं हाही इलाज नव्हे. साधं "थँक्यू" पुरे. त्यापुढे तिला स्वतःहून काही सुचलं तर उत्तम: "पेटीवर दादाने साथ दिली म्हणून जमलं."

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात विचारलेला प्रश्न (१ करिंथ ४:७) मी मोठ्या मुलांना फळ्यावर लिहून देते: तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? त्याखाली त्यांनी यादी करायची. गळा कोणी दिला, गाणं कोणी शिकवलं, क्लासला सोडायला कोण आलं, डबा कोणी भरला. यादी लांबत जाते तशी मुलं खरंच गंभीर होतात. गुण नाकारायची गरज उरत नाही. तो कुठून आला, हे तेवढं स्पष्ट होतं.

याच ठिकाणी मी त्यांना पंडिता रमाबाईंबद्दल सांगते. कोलकात्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. एवढ्या विदुषीने पुढे केडगावच्या मुक्ती सदनात टाकलेल्या, उपाशी, विधवा मुलींना जवळ केलं. आणि हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं ते साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. रमाबाई "मला काही येत नाही" म्हणत घरी बसल्या असत्या, तर त्याला कोणी नम्रता म्हटलं नसतं. त्यांनी विद्या लपवली नाही, ती चुलीजवळ बसलेल्या बाईपर्यंत नेऊन पोचवली. मत्तय २५ मधल्या दाखल्यात धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाला शाबासकी मिळत नाही, हे मुलांना इथे आपोआप आठवतं.

नम्रतेची स्पर्धा

'वर्षातील सर्वांत नम्र विद्यार्थी' असं प्रशस्तिपत्रक मी एका ठिकाणी पाहिलं आहे. ते मिळालेल्या मुलाने घरी जाऊन काय करायचं? भिंतीवर लावायचं की लपवायचं? कृपा करून असं बक्षीस ठेवू नका. मदतीचं, नियमित येण्याचं, पाठांतराचं ठेवा.

परूशी आणि जकातदाराचा दाखला (लूक १८) शिकवताना तर फार जपावं लागतं. त्यात धर्माचे नियम काटेकोर पाळणारा परूशी 'मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार' अशी प्रार्थना करतो, आणि देवाला नम्र जकातदाराची प्रार्थना आवडते. एकदा धडा संपल्यावर एका मुलीने मोठ्या भक्तिभावाने प्रार्थना केली, "देवा, आम्ही त्या परूशासारखे नाही म्हणून तुझे आभार." चूक तिची नव्हती. मी परूश्याला खलनायक करून टाकलं होतं. तो खरोखर आठवड्यातून दोनदा उपास करत होता, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देत होता, आणि आपल्या मंडळीत आला असता तर आपण त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं. आता मी विचारते, "यातलं कोण आपल्यासारखं वाटतं?" आणि उत्तराची घाई करत नाही.

नाताळचा कार्यक्रम जवळ आला की भूमिकांवरून रुसवेफुगवे ठरलेले. मुलांचे कमी, पालकांचे जास्त. 'आमच्या मुलीला मागच्या वर्षीही मेंढराचंच काम दिलं, मरीया कधी करणार?' अशा वेळी मला जब्दीच्या मुलांची, म्हणजे याकोब आणि योहान या शिष्यांची आई आठवते (मत्तय २०). एक मुलगा तुझ्या उजवीकडे, एक डावीकडे बसव, असं तिने येशूकडे मागितलं. येशूने तिला हाकलून दिलं नाही, तुम्ही काय मागता हे तुम्हाला समजत नाही, एवढं म्हणाला. मीही चिडत नाही. मात्र भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवते, आणि सतरंज्या उचलायचं काम त्या दिवशी मरीया आणि योसेफाकडे असतं.

घरचा मोठेपणा

हे लिहायला जड जातं. आपण मुलांना नम्रतेची वचनं पाठ करायला लावतो आणि जेवताना त्यांच्यासमोर बोलतो: आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, आमचे पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते लोक तर आत्ता आत्ता आले. सोयरीक ठरवताना जात अजूनही विचारली जाते. इंग्रजी शाळेत जाणारी मुलं मराठीत प्रार्थना करणाऱ्यांना हसतात, आणि आई-वडील कौतुकाने पाहतात. सणाला दानाची यादी नाव आणि रकमेसकट वाचली जाते, आणि डाव्या हाताला कळू नये असं जे मत्तय ६ मध्ये आहे ते त्याच सकाळी मुलांनी आमच्याकडे पाठ केलेलं असतं. मुलं यातला फरक बरोबर टिपतात. संडे स्कूलचा एक तास घरातल्या सहा दिवसांना पुरा पडत नाही.

तरीही अडलं तर

मूल दुसऱ्यांना "ढ" म्हणत असेल, तर त्याला ज्यात गती नाही अशा कामात, ज्याला गती आहे अशा मुलाच्या हाताखाली द्या. गणितात हुशार मुलगा विहिरीवर पोहायला शिकताना त्याच 'ढ' मित्राचा हात धरतो. भाषणाची गरज पडत नाही. शिक्षा म्हणून मात्र हे करू नका, नाहीतर पुन्हा तेच खाली ओढणं होईल.

"मला काहीच येत नाही" हे मूल सारखं म्हणत असेल, तर ती नम्रता समजून सुखावू नका. त्याला कोणीतरी तसं सांगितलं आहे. कोणी, ते शोधा.

माफी मागत नसेल, तर जबरदस्तीने "सॉरी म्हण" करून घेतलेल्या शब्दाचा उपयोग नाही. आधी नुकसान भरून द्यायला मदत करा: फाडलेली वही चिकटवायची, सांडलेलं पुसायचं. शब्द मागाहून येतो. आणि मोठ्यांना माफी मागताना त्याने कधी पाहिलंय का, हे स्वतःला विचारा. "मी चुकलो, पण तूही..." अशी माफी धरायची नाही. 'पण'च्या आधीच वाक्य संपवावं.

त्या मुलाची मी पुढच्या रविवारी माफी मागितली. ज्यांच्यासमोर बोलले होते, त्यांच्यासमोरच. "मागच्या वेळी मी न विचारता तुला ताठा आहे म्हणाले. ते खोटं होतं. माझी चूक झाली." तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली आणि बुटाच्या नाडीशी खेळत बसला. त्याचे पाय का मळले होते ते मी वर्गाला सांगितलं नाही, ते त्याचं त्याच्यापाशी.

पुढच्या वर्षी पवित्र आठवड्यात परात पुन्हा निघाली. या वेळी सुरुवात मी केली, माझे पाय पुढे करून. त्याने बूट काढले नाहीत, मीही सांगितलं नाही. त्याने कळशी उचलली आणि शेवटचं मूल होईपर्यंत, एकेकाच्या पायावर, न सांडता, पाणी ओतत राहिला.