वजन जास्त आहे आणि किडनी ट्रान्सप्लांट करायचंय? मग आधी हे बघून घ्या

सगळ्यात आधी पेशंटचं ड्राय वेट लिहून ठेवा, म्हणजे डायलिसिस संपल्यावरचं वजन, कारण दोन डायलिसिसच्या मधे पाणी साठून दोन-तीन किलो सहज चढतात आणि ओपीडीत नेमकं तेच फाइलवर लिहिलं जातं. मग बीएमआय काढा, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १६५ सेंमी आणि ड्राय वेट ९८ किलो असेल तर बीएमआय ३६. म्हणजे ३५ च्या खाली यायला साधारण ३ किलो कमी करायचेत, आणि ३० वर यायचं तर १६. म्हणून "वजन कमी करून या" एवढंच ऐकून घरी येऊ नका, आकडा विचारा. काही सेंटर ३५ बीएमआयला अडतात, काही ४० ला. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या गाइडलाइनमधे नुसत्या लठ्ठपणामुळे पेशंटला नाकारू नये असंच म्हटलंय, त्यामुळे एकीकडे नाही म्हणाले तर दुसरीकडे दाखवायला काहीच हरकत नाही. वजन जास्त असलं तरी बहुतेकांना डायलिसिसपेक्षा ट्रान्सप्लांटच जास्त वर्षं देतं.

डॉक्टर उगाच अडवत नाहीत हेही खरंच. किडनी बसवतात ओटीपोटात, तिथे चरबीचा थर जाड असला की जखम चिघळणं, टाके उघडणं, पुढे हर्निया, हे सगळं वाढतं, आणि नवी किडनी लगेच कामाला लागली नाही तर ऑपरेशननंतरही काही दिवस डायलिसिस चालूच. यातलं काहीही झालं की हॉस्पिटलचे दिवस वाढले, ड्रेसिंग वाढलं, परत अ‍ॅडमिट व्हायची पाळी येऊ शकते. म्हणून पॅकेज किती दिवसांचं आहे आणि त्यावरचे दिवस कसे लावतात ते बिलिंगला आधीच विचारा. महात्मा फुले योजनेतून करणार असाल तर मंजुरीच्या कागदात काय बसतं आणि काय नाही ते आरोग्यमित्राकडून, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाकडून, समजून घ्या.

आता खाणं. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण नातेवाईक मंडळी इथेच घोळ घालतात. किटो नको, दुधीचा रस नको, नारळपाणी तर अजिबात नको, पोटॅशियम चढलं तर हृदयच बंद पडू शकतं. उपास करूनही वजन उतरतं पण त्यात स्नायू जातात, आणि डायलिसिसवाल्याला उलट प्रोटीन जास्त लागतं, त्यामुळे किडनीचा आहार कळणाराच डायटिशियन शोधा. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचा, म्हणजे वजन उतरवायच्या ऑपरेशनचा, विषय निघाला तर स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करणं) की बायपास (जठर लहान करून अन्न थेट पुढच्या आतड्यात वळवणं) ते ट्रान्सप्लांट टीमसमोरच ठरवा. बायपासनंतर ऑक्झॅलेट (ज्याचे खडे होतात तो क्षार) वाढून किडनीला त्रास होऊ शकतो, औषधंही नीट शोषली जात नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी स्लीव्हच पसंत करतात. वजन आणि शुगर उतरवणारं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी), टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा सीटी हे होईलच. डोनरचं वजनही बघतात बरं का! आई किंवा बायको किडनी देणार असेल आणि तिचंही वजन जास्त असेल तर दोघांची तयारी एकदमच सुरू करा. एकीकडे आपल्या विभागाच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणारं विभागीय केंद्र) यादीत हॉस्पिटलमार्फत नाव घालता येतं का, तेही विचारून ठेवा.

पोटाच्या घडीखालची त्वचा रोज उचलून बघा. तिथे घामाने लाल चट्टे, खाज, वास असेल तर बुरशी असू शकते, पावडर टाकून झाकू नका, दाखवून औषध घ्या, कारण चीर त्याच्या जवळच पडते.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर स्टेरॉइडने भूक अशी लागते की रात्री दोनला डबे उघडले जातात, त्यात टॅक्रोलिमसने (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) शुगर वाढू शकते, म्हणून फरसाण-बिस्किटं घरात आणूच नका आणि ग्लुकोमीटर आधीच घेऊन ठेवा. कपडे सैल, पुढून उघडणारे, कारण पायजम्याची नाडी नेमकी टाक्यांवर येते.