वजनाच्या ऑपरेशनआधी या चुका टाळा : आहार, गोळ्या आणि तपासण्या

ऑपरेशनची तारीख ठरली की हातात दोन कागद पडतात. एकावर दोन आठवड्यांचा आहार, दुसऱ्यावर तपासण्यांची यादी. दोन्ही कागद कशासाठी आहेत हे कुणी नीट उलगडून सांगितलं नाही, तर मनापासून तयारी करणारा माणूसही चुकतो.

आहार वजनासाठी आहे, असं समजणं

या दोन आठवड्यांत तीन-चार किलो उतरतातच, पण आहाराचा मुख्य हेतू तो नाही. हेतू आहे यकृत लहान करणं.

स्लीव्ह (जठर कापून नळीसारखं अरुंद करणं) असो की बायपास (हृदयाचा नव्हे, जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं), दुर्बिणीतून काम करताना सर्जनला जठराच्या वरच्या टोकापर्यंत पोचावं लागतं. यकृताचा डावा भाग नेमका त्यावरच पसरलेला असतो. धातूच्या आकड्याने तो उचलून धरतात आणि त्याच्याखाली काम करतात. वजन जास्त असलेल्या बहुतेकांचं यकृत चरबीमुळे मोठं, जड आणि ठिसूळ झालेलं असतं. उचलताना त्याला चीर पडून रक्त येऊ शकतं. कधी ते इतकं आडवं येतं की पोट उघडून ऑपरेशन करावं लागतं, किंवा ते तिथेच थांबवून पुन्हा कधीतरी घ्यावं लागतं.

यकृतात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पिष्टमय पदार्थ कमी केले की काही दिवसांतच हा साठा पाण्यासकट उतरतो आणि मग चरबीही घटू लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन आठवडे रोज ८०० ते १००० कॅलरी, त्यात ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि अगदी मोजके पिष्टमय पदार्थ असा आहार देतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ५०च्या पुढे असेल तर बरेच सर्जन हा काळ वाढवतात.

हे कळलं की सर्वांत नेहमीची चूक एवढी महागात का पडते तेही कळतं. बारा दिवस तक्ता काटेकोर पाळायचा आणि ऑपरेशनच्या आदल्या रविवारी ‘आता पुन्हा कधी खायला मिळणार’ म्हणून पुरणपोळी किंवा बिर्याणीचं जेवण करायचं. त्या जेवणाने वजन फारसं वाढणार नाही, पण उतरलेला साठा पाण्यासकट परत भरायला लागतो. घरच्यांनी आग्रह केला तर त्यांना यकृताचं कारण सांगा. ‘डाएट आहे’ म्हटल्यावर न थांबणारी माणसं ते ऐकून थांबतात.

उपवास, पेज आणि रस

कमी खायचं म्हणजे उपवास करायचा, असं आपल्याकडे चटकन वाटतं. या कामासाठी उपवासाचा फराळ उलटा पडतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात, त्या जवळजवळ सगळ्या पिष्टाच्या, आणि प्रथिनं नावापुरतीही नसतात. वरून तूप आणि दाण्याचं कूट येतं ते वेगळंच. भगर, रताळं, बटाटा, राजगिऱ्याचा लाडू हेही पिष्टच. या दोन आठवड्यांत एकादशी किंवा चतुर्थी येत असेल तर दूध, दही, पनीर यांवर दिवस कसा काढायचा ते आहारतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवा.

‘लिक्विड डाएट’ या शब्दाचाही असाच घोटाळा होतो. उसाचा रस, मोसंबीचा रस, तांदळाची पेज, नाचणीची आंबील हे सगळं पातळ असलं तरी पिष्ट आणि साखरच आहे. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा हलकी मानतात, पण या हिशेबात तीही पिष्टातच मोजायची.

प्रथिनांचा हिशेब अंदाजाने करणं

‘मी रोज डाळ खातो’ एवढ्याने भागत नाही. एक वाटी घट्ट वरणात साधारण ६-७ ग्रॅम प्रथिनं असतात. ६० ग्रॅमचा आकडा नुसत्या वरणावर गाठायचा तर नऊ-दहा वाट्या लागतील आणि त्यांच्याबरोबर नको असलेलं पिष्टही येईल. वरणाच्या नुसत्या पाण्यात आणि पातळ ताकात तर फारच कमी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत १५ आणि १०० ग्रॅम शिजवलेल्या बिनहाडाच्या चिकनमध्ये २७ ते ३० ग्रॅम मिळतात.

शाकाहारी माणसाला बहुधा पावडर लागतेच. ती घेताना डब्याच्या दर्शनी भागावर काय लिहिलंय ते सोडा, मागचा तक्ता वाचा. व्हे प्रोटीनच्या (दुधातल्या प्रथिनांच्या पावडरच्या) ३० ग्रॅमच्या स्कूपमधून बहुधा २२ ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. घरातल्या सगळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पोषण पावडरमध्ये तेवढ्याच वजनात त्याच्या निम्मीही नसतात, बाकी साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टच, असतं. मधुमेहींसाठीच्या पावडरीही प्रथिनांसाठी म्हणून बनवलेल्या नसतात. काही तक्ते ‘दर १०० ग्रॅम’चे असतात आणि काही ‘दर स्कूप’चे. ही गल्लत झाली की रोजचा हिशेब पार चुकतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं जड होतं आणि गळून गेल्यासारखं वाटतं. त्यावर बिस्किट हा उपाय नव्हे. पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर होतंय का ते पाहा. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं नसेल तर मीठ घातलेलं एक कप पातळ सूप घ्या. शौचाला खडा होत असेल तर दोन चमचे इसबगोल आणि त्यावर भरपूर पाणी.

आहार बदलला, गोळ्या तशाच

यादीतली सगळ्यांत धोकादायक चूक ही. गोळ्यांचं ‘ऑपरेशनच्या वेळी बघू’ असं म्हणून चालत नाही. जेवण ज्या दिवशी बदलतं, त्याच दिवशी औषधांचा डोस बदलावा लागतो, आणि तो तुमच्या डॉक्टरांनी आधी लिहून द्यावा लागतो.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम ८०० कॅलरींवर आलं तर साखर कोसळते, बरेचदा रात्री किंवा पहाटे. घाम, थरथर, धडधड जाणवली की ग्लुकोमीटर लावा. आकडा ७०च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी तक्ता मोडतोय याची काळजी करू नका.

‘ग्लिफ्लोझिन’ने नाव संपणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे : डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. खाणं कमी आणि त्यात ऑपरेशनचा ताण, अशा वेळी या गोळीमुळे रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं, तेही साखर जवळपास नॉर्मल असताना. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं ऑपरेशननंतरच्या नेहमीच्या त्रासासारखीच असतात. ग्लुकोमीटरवर १५० दिसतं, म्हणून शंकाही येत नाही. या गोळ्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद करतात, आणि कमी पिष्टाचा आहार सुरू होतानाच थांबवणारे डॉक्टरही बरेच आहेत. अडचण अशी की आपल्याकडे या गोळ्या मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनबरोबर एकत्र करून विकल्या जातात आणि ब्रँडच्या नावावरून काहीच कळत नाही. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, किंवा सगळी पाकिटं पिशवीत घालून सरळ भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. यादी लिहून नेण्यापेक्षा हे बरं.

बीपीच्या ज्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं तिचाही प्रश्न येतो. आहाराने शरीरातलं पाणी आधीच उतरत असतं, त्यात उभं राहताना चक्कर येते. मधुमेह किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला ते भूलतज्ज्ञांना सांगा. त्याने जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे नेहमीइतका वेळ उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं. पीसीओडीसाठी किंवा पाळी नियमित व्हावी म्हणून चालू असलेल्या गोळ्यांत बरेचदा इस्ट्रोजेन असतं आणि त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. त्या साधारण महिनाभर आधी थांबवून गर्भनिरोधाचा दुसरा उपाय घ्यायला सांगतात. ‘ती काय औषधाची गोळी थोडीच’ म्हणून ती यादीतून हमखास राहते. याउलट स्टेंट बसवलेल्यांनी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा.

‘सिगारेट ओढता का?’ ‘नाही.’

उत्तर खरं असतं आणि तरी अपुरं असतं. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, वेप या सगळ्यांत निकोटिन आहे. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, टाके आणि जोड नीट भरत नाहीत आणि बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. किमान सहा आठवडे आधी हे पूर्ण बंद हवं. काही ठिकाणी लघवीत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासतात आणि त्यात मिश्रीही पकडली जाते. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बायकांना ते दात घासणं वाटतं, व्यसन वाटत नाही. म्हणून घरातल्यांनी हा प्रश्न त्यांना वेगळा, मिश्रीचं नाव घेऊन विचारावा.

तपासण्या : आधी काय थांबवायचं ते न विचारणं

एन्डोस्कोपीत (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) जठराचा बारीक तुकडा घेऊन एच. पायलोरी हा अल्सर करणारा जंतू शोधतात. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल यांसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून ती गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद हवं, अर्थात डॉक्टरांना विचारून. बायपास करायचा असेल तर हे आणखी महत्त्वाचं आहे, कारण नंतर जठराचा मोठा भाग वाटेतून बाजूला पडतो आणि नेहमीची दुर्बीण तिथे पोचत नाही.

एन्डोस्कोपी ‘उलटी होते’ म्हणून टाळू नका. मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा अन्ननलिकेला आम्लाने झालेली इजा दिसली तर स्लीव्हऐवजी बायपासचा विचार होतो, कारण स्लीव्हने छातीतली जळजळ वाढू शकते. ऑपरेशन कोणतं हे ठरवण्याआधी ती झालेली असावी.

केसांसाठी ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांत बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) खोटा कमी येतो आणि नसलेल्या आजाराचा शोध सुरू होतो.

बी-१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), कॅल्शियम या तपासण्या दोन-तीन महिने आधी करा. ऑपरेशननंतर शोषण घटतं, तेव्हा खड्डा आधीच भरलेला हवा. शाकाहारी माणसांत बी-१२ची कमतरता नेहमीच आढळते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेऊन कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर गेलेले रुग्ण रुग्णालयांत येतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर शोषली जात नाही, आणि कॅल्शियम व लोह यांच्यात दोन तासांचं अंतर लागतं.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असेल तर स्लीप स्टडी (झोपेतला श्वास मोजणारी तपासणी) करून घ्या. सीपॅप (झोपेत दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) लागणार असेल तर त्याच्या मास्कची सवय व्हायला काही आठवडे जातात. भुलीनंतरच्या पहिल्या रात्री तो पहिल्यांदाच लावणं फार कठीण जातं. स्वतःचं मशीन आणि मास्क दवाखान्यात घेऊन जा.

विम्यासाठीची नोंद

विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित कलमानुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असेल, तर हे ऑपरेशन विम्यातून वगळलेलं राहत नाही. त्या आजारांत तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार आणि आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह येतात. वय १८ पूर्ण हवं, आणि वजन कमी करण्याचे साधे उपाय फसल्याच्या नोंदीही लागतात. म्हणून आहार सुरू होण्याआधीचं वजन-उंची डॉक्टरांच्या कागदावर तारखेसह हवी. उंची अनवाणी मोजा. ९० किलो आणि १६० सेंटिमीटरचा बीएमआय ३५.२ येतो. चपलेसकट उंची १६३ लिहिली गेली तर तोच ३३.९ होतो.

सकाळचा चहा

सर्वसाधारण नियम असा : तळलेलं, तुपकट जेवण ८ तास आधी, हलकं खाणं ६ तास आधी, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. तुमच्या दवाखान्याने वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. दूध पाण्यात मोजायचं नाही. जठरात ते फाटून घट्ट होतं, म्हणून दुधाचा चहा आणि ताक खाण्यातच धरतात. पहाटे पाचला ‘नुसता अर्धा कप’ घेतला असेल तर नर्सला खरी वेळ सांगा. ऑपरेशन काही तास पुढे ढकलता येतं. भूल देताना ते दूध श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरलं तर अतिदक्षता विभागात जावं लागू शकतं.